लंडनमध्ये लायोनेल रॉथ्सचाइल्डच्या मागावर

लंडनला जाणार असाल तर पार्लमेंटची टूर शनिवारी घ्या, शनिवारी ती वर्षभर चालू असते आणि विल्सडनचं ज्यू कबरस्तान त्या दिवशी बंद असतं, म्हणजे ते रविवारसाठी ठेवता येतं. लायोनेल डी रॉथ्सचाइल्ड (१८०८-१८७९) तिथेच पुरलाय. सरकारांना कर्ज देणारा हा बँकर १८४७ मध्ये सिटी ऑफ लंडनमधून (लंडनचा जुना, बँकांचा भाग) खासदार म्हणून निवडून आला, पण शपथ ख्रिश्चन धर्माला स्मरून घ्यायची अट होती आणि हा ज्यू, त्याने साफ नकार दिला. कॉमन्स (पार्लमेंटचं खालचं सभागृह) कायदा बदलायला तयार, लॉर्ड्स (वरचं) अडवणार, आणि मतदार पठ्ठे परत परत यालाच निवडून देणार! शेवटी कायदा बदलला आणि २६ जुलै १८५८ ला टोपी डोक्यावरच ठेवून ज्यू धर्मग्रंथावर शपथ घेतली आणि आत जाऊन बसला. एवढं भांडून मिळवलेल्या जागेवरून पुढे एक भाषण केलं नाही माणसाने.

आता दिसतं ते कॉमन्सचं सभागृह मात्र त्याच्या वेळचं नाही, ते १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. आत फोटो काढू देत नाहीत, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये काय ते काढून घ्या.

सिटीतलं न्यू कोर्ट, म्हणजे रॉथ्सचाइल्डांच्या पेढीचं ऑफिस, बाहेरूनच बघायचं, काचेची नवी इमारत आहे आणि खालच्या मोकळ्या जागेतून मागचं जुनं चर्च दिसतं, बास. पण १८७५ मध्ये सुएझच्या शेअर्ससाठी पंतप्रधान डिझरायलीला घाईत ४० लाख पौंड हवे होते ते याच पेढीने दिले, आणि मुंबईच्या बोटी ज्या कालव्यातून जायच्या त्याच्या कंपनीत ब्रिटिश सरकार असं भागीदार झालं, हे डोक्यात असलं की ती अरुंद गल्ली वेगळी वाटते.

खरा वेळ ठेवा गनर्सबरी पार्कला. लायोनेलच्या बापाने १८३५ मध्ये घेतलेला बंगला, आता म्युझियम आहे, तिकीट नाही, रॉथ्सचाइल्डांची घोडागाडी आणि नोकरांचं स्वयंपाकघर बघण्यासारखं (ते रोज उघडं असेलच असं नाही, वेबसाइट बघून जा). अॅक्टन टाउन स्टेशनवरून चालत जाता येतं, हीथ्रोवाल्या पिकॅडिली लाइनवरच आहे. सोमवारी जाऊ नका, म्युझियम बंद असतं.

विल्सडनला डॉलिस हिलला उतरा. पुरुषांनी टोपी न्या, ज्यू कबरस्तानात डोकं झाकायची पद्धत आहे. डीएनएवाली रोझलिंड फ्रँकलिनही इथेच आहे, तिची कबर चुकवू नका.