निम्मी रक्कम भरली आणि गाडी परत केली

ब्रिटनमध्ये हप्त्यांवर घेतलेली गाडी मुदत संपण्याआधी परत देऊन उरलेल्या हप्त्यांतून कायद्याने मोकळे होता येते, हे मी सांगलीला फोनवर सांगितले, तेव्हा अण्णांचा पहिला प्रश्न "म्हणजे कर्ज बुडवलेस का?" असा होता. त्यांची सगळी नोकरी सहकारी बँकेच्या वसुली विभागात गेली, त्यामुळे प्रश्न स्वाभाविक होता. तरीही तो मला लागला, आणि हा लेख बऱ्याच अंशी त्या प्रश्नाचे लांबलेले उत्तर आहे.

गाडी परत करण्याचे कारण अगदी साधे होते. रेडिंगजवळच्या कार्यालयातून माझे काम लंडनला गेले, रोजचा प्रवास रेल्वेने सुरू झाला आणि गाडी दारात नुसती उभी राहू लागली. विकून टाकावी म्हटले तर ती माझी नव्हतीच. इथे बहुतेक लोक ज्या पीसीपी (पर्सनल कॉन्ट्रॅक्ट परचेस: दरमहा लहान हप्ते आणि शेवटी एक मोठी रक्कम) पद्धतीने गाडी घेतात, तिच्यात शेवटची रक्कम चुकती होईपर्यंत मालकी वित्तकंपनीकडे राहते आणि आपण केवळ नोंदणीकृत वापरकर्ते असतो. आपल्याकडे कर्जाची गाडीही पहिल्या दिवसापासून आपल्या नावावर असते, बँकेचा बोजा आरसी बुकावर सरळ नोंदलेला असतो, आणि कर्ज फिटले की बँकेची एनओसी व फॉर्म ३५ घेऊन आरटीओतून तो उतरवता येतो. त्या आरटीओला मी आजवर पुष्कळ नावे ठेवली आहेत; पण इथल्या व्ही५सी या नोंदणीपत्रावर वित्तकंपनीचे नावसुद्धा नसते, आणि जुनी गाडी घेणाऱ्याला तिच्यावर कर्ज आहे की नाही हे पैसे मोजून वेगळे तपासून घ्यावे लागते. या एका बाबतीत आपली व्यवस्था सरस आहे, हे लिहिताना मला बरे वाटते आहे.

बाकीच्या बाबतीत मात्र ब्रिटनचा कायदा सरस आहे हे मान्य करावेच लागते. कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट, १९७४ या कायद्याच्या कलम ९९ नुसार हायर परचेस (पीसीपी हा त्याचाच प्रकार) आणि कंडिशनल सेल, म्हणजे पूर्ण पैसे भरेपर्यंत मालकी विक्रेत्याकडे ठेवणारी विक्री, या दोन्ही प्रकारच्या करारांत, शेवटचा हप्ता देय होण्यापूर्वी केव्हाही, ग्राहक नोटीस देऊन करार संपवू शकतो. कारण सांगावे लागत नाही. किती देणे लागेल याची मर्यादा कलम १०० ठरवते: ग्राहकाने भरलेली रक्कम एकूण किमतीच्या निम्म्यापर्यंत पोहोचली असेल, तर पुढचे काही देणे उरत नाही, पोहोचली नसेल, तर फरक भरायचा. नोटिशीपूर्वीचे थकीत हप्ते अर्थातच द्यावे लागतात, आणि गाडीची वाजवी काळजी घेतली नसेल तर नुकसानभरपाईही. हा हक्क काढून घेणारे कलम कंपनीने करारात घातले, तरी त्याच कायद्याच्या कलम १७३ मुळे ते निरर्थक ठरते.

हिशेबाची खरी मेख "एकूण किंमत" म्हणजे काय यात आहे. तिच्यात सुरुवातीची रक्कम, सगळे हप्ते, व्याज आणि पीसीपीत शेवटी द्यायचा मोठा हप्ता, ज्याला इथे बलून म्हणतात, हे सगळे येते. समजा २०,००० पौंडांच्या गाडीसाठी २,००० सुरुवातीला दिले, दरमहा २८५ पौंडांचे ४८ हप्ते ठरले आणि बलून ८,००० पौंडांचा आहे. एकूण किंमत २३,६८० पौंड, निम्मी ११,८४०. दरमहा भरणारा माणूस त्या रेषेपर्यंत पस्तिसाव्या हप्त्याला पोहोचतो, म्हणजे चार वर्षांच्या करारात जवळजवळ तीन वर्षांनी. हीच गाडी बलूनशिवाय साध्या हायर परचेसवर, तेवढ्याच व्याजाने घेतली असती, तर हप्ता मोठा असता, पण ती रेषा बाविसाव्या हप्त्याच्या आसपासच आली असती. इथे नव्याने येणाऱ्या आपल्या मुलांना हप्ता कमी म्हणून पीसीपी आवडते. बलूनने ही रेषा किती लांब ढकलली आहे, हे त्यांना विक्रेता सांगत नाही.

आता माझ्या तक्रारीकडे येतो, कारण कायद्याचे कौतुक करताना ज्या कंपनीशी माझा व्यवहार होता तिचे वागणे विसरता येत नाही. करार संपवायचा आहे असे फोनवर सांगताच मला दोन मार्ग सांगण्यात आले: उरलेली सगळी रक्कम भरून करार मिटवा, किंवा गाडी "स्वेच्छेने जमा" करा. पहिला मार्ग कलम ९४ चा असून त्यात न लागलेल्या व्याजाची सूट मिळते. गाडीची बाजारातली किंमत देण्यापेक्षा जास्त असेल तर तोच शहाणपणाचा. माझ्या गाडीची तेवढी किंमत राहिली नव्हती. दुसऱ्या मार्गाचा अर्ज अतिशय सौजन्याने ईमेलने आला. त्यावर सही केली असती, तर कंपनीने गाडी लिलावात विकून आलेले पैसे वजा केले असते आणि उरलेल्या सगळ्या देण्याचे बिल माझ्याकडे पाठवले असते. कलम ९९ चा मार्ग त्या अर्जात कुठेही नव्हता. कलम ९९ असो की "स्वेच्छेने जमा", गाडीची किल्ली त्याच माणसाच्या हातात जाते, पण कलम ९९ मध्ये हिशेब निम्म्यावर थांबतो आणि जमा करण्यात थांबत नाही. अडचणीत असलेला, घाबरलेला माणूस समोर आलेल्या कागदावर सही करतो, हे त्या फोनवरच्या गोड आवाजाला माहीत नसेल असे मला वाटत नाही.

गंमत अशी की माझ्याच करारात "टर्मिनेशन: युअर राइट्स" या शीर्षकाची एक चौकट होती आणि तिच्यात निम्म्या रकमेचा आकडा पौंडांत छापलेला होता. तो छापणे कायद्याने बंधनकारक आहे. मी तो पानाच्या क्रमांकासह उद्धृत केला, कलम ९९ खाली करार संपवत आहे असे लेखी कळवले, पत्राची पोच ठेवली, गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढली, सर्व्हिसिंगच्या नोंदी आणि दोन्ही किल्ल्या एकत्र ठेवल्या. यानंतर फोनवरचा सूर बदलला. गाडी न्यायला आलेल्या माणसाने चाकाच्या रिमवरचा एक ओरखडा फार प्रेमाने न्याहाळला, पण त्याचे बिल आले नाही. ठरलेल्या मैलांपेक्षा गाडी जास्त चालली असेल, तर कंपन्या त्याचेही पैसे मागतात आणि त्यावरून वाद होतात. तक्रारीला कंपनीने आठ आठवड्यांत अंतिम उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही, तर फायनान्शियल ओम्बुड्समन सर्व्हिस या वित्तकंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे ग्राहकाला विनामूल्य जाता येते.

हप्त्यांवर घेणाऱ्याला मिळणाऱ्या या संरक्षणामागे मोठा इतिहास आहे. १९३०च्या दशकात हप्त्यांवर फर्निचर विकणारे व्यापारी, बहुतेक हप्ते भरून झालेल्या गरीब घरांतून, एखादा हप्ता चुकताच सामान उचलून नेत आणि पुन्हा विकत. जॅरो मतदारसंघाच्या मजूर पक्षाच्या खासदार एलन विल्किन्सन यांनी खासगी विधेयक आणून १९३८ चा हायर परचेस ॲक्ट मंजूर करून घेतला. एक तृतीयांश रक्कम भरल्यावर न्यायालयाच्या आदेशाशिवाय वस्तू उचलायची नाही, हे तत्त्व त्यातून आले आणि आज ते १९७४ च्या कायद्याच्या कलम ९० मध्ये आहे. ते मोडून कंपनीने गाडी उचलली, तर करार संपतो आणि ग्राहकाला भरलेले सगळे पैसे परत मागता येतात. इतकी कडक शिक्षा वाचून मी थक्क झालो. आपल्या संसदेनेही १९७२ मध्ये हायर-परचेस ॲक्ट केला होता, पण तो प्रत्यक्षात कधी अमलात आलाच नाही, आणि वसुलीसाठी गुंड पाठवू नका हे बँकांना सांगण्याची वेळ २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयावर आली. अण्णांच्या बँकेत असे कधी झाले नाही, हे त्यांनी मला निक्षून सांगितले आणि माझा त्यावर विश्वास आहे.

राहिला बुडवण्याचा प्रश्न. अण्णांचे म्हणणे असे की कर्जदाराने न भरलेला रुपया शेवटी ठेवीदाराच्या खिशातून जातो. सहकारी बँकेपुरते ते खरे आहे. पण इथे तीन-चार वर्षांनी गाडीची किंमत किती असेल याचा अंदाज कंपनीने बांधला, त्यावरून बलून ठरवला, आणि कलम ९९ देशात फार आधीपासून लागू आहे हे ठाऊक असूनच व्याजाचा दर लावला. तो दर मी प्रत्येक हप्त्याला भरत आलो, एकही हप्ता चुकवला नाही. अंदाज चुकला तर तोटा कोणाचा, हे कायद्याने आधीच ठरवलेले असताना मी तो उदारपणे अंगावर घ्यावा, असे मला वाटत नाही. हे सगळे मी त्यांना समजावून सांगितले. ते "बरं" म्हणाले, म्हणजे पटले नाही.

करार असा संपवल्याची नोंद माझ्या क्रेडिट फाइलवर राहील. ती थकबाकीची नोंद नाही, पण पुढे कर्ज देणाऱ्याला ती दिसेल, आणि तीच कंपनी मला पुन्हा दारात उभे करेल याची शक्यता कमी आहे. मीही जाणार नाही. मात्र ज्यांची गाडी पीसीएच पद्धतीच्या भाडेपट्ट्यावर आहे किंवा बँकेच्या व्यक्तिगत कर्जातून घेतलेली आहे, त्यांना कलम ९९ लागू होत नाही. इथला मुक्काम आटोपून पुण्याला परतायच्या तयारीत असलेल्यांनी आपल्या कराराच्या पहिल्या पानावर तो कोणत्या प्रकारचा आहे हे पाहावे आणि विमानाची तिकिटे काढण्याआधी लेखी नोटीस पाठवावी. गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये सोडून जाणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या बाबतीत मात्र मी अण्णांच्या बाजूचा आहे.