आजोबांची दुनळी आणि जवसाचं तेल

आमची बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, पीक संरक्षणाच्या परवान्यावर आहे. आधी आजोबांच्या नावावर, मग अण्णांच्या, आता माझ्या. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात मुक्कामाला जाते, एरवी कुलपात. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, काळाकुट्ट, नळ्यांवर तांबूस गंज. यंदा पाऊस सरल्यावर तिच्याकडे बघायचं ठरवलं.

१९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. माझ्याकडे आहे तो बाळगण्याचा. त्यामुळे चाप, घोडे, नळीची आतली बाजू यांना मी बोट लावलं नाही. सगळ्यात आधी ती परवानाधारक बंदूकवाल्याकडे नेली. त्याने नळ्या सोडवल्या, दोरीला टांगल्या आणि टिचकी मारली. खणखणीत, लांबत जाणारा नाद आला. दोन नळ्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्टीचा डाख सुटला असता तर आवाज बद्द आला असता म्हणे! मग नळ्यांच्या खालच्या अंगाला मुकुट आणि ‘एनपी’ अशी अक्षरं दाखवली. बिनधुराच्या दारूसाठी तपासणी झाल्याची ती बर्मिंगहॅमची खूण. दस्ताही त्यानेच उतरवून दिला. त्या स्क्रूंच्या खाचा इतक्या बारीक, की घरचा पेचकस लावला असता तर वाट लागली असती.

लाकूड अक्रोडाचं. काळपटपणा जुनेपणाचा नव्हताच, तेलाचा होता. घरात प्रत्येकाने सढळ हाताने तेल घालायचं आणि बंदूक तोंड वर करून उभी ठेवायची. ते तेल ओघळून दस्त्याच्या डोक्यात मुरत राहिलं. खडूची पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप दिला आणि दस्ता उन्हात ठेवला. वाळला की पूड तपकिरी होते. झटकायची, पुन्हा लेप. ‘‘फेशियल झालं का हिचं?’’ हे रोजचं ऐकून घेतलं.

पोचे काढायला ओलं फडकं आणि वर तापलेली इस्त्री. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. तुटलेले मात्र येत नाहीत, म्हणून एक खोल चीर तशीच आहे आणि ती मी भरणार नाही. पॉलिश पेपर जपून वापरला. लोखंडाला टेकणारी कड घासली, की लाकूड खाली जातं आणि लोखंड वर उरतं. मुठीवरच्या चौकटी नक्षीला फक्त जुना टूथब्रश.

मग जवसाचं पक्कं तेल. थेंबभर घेऊन तळव्याने चोळायचं, वाळू द्यायचं. घाई केली तर चिकट थर बसतो. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. मी पाण्यात बुडवून ठेवतो. नळ्यांवरचा गंज तेल आणि अगदी बारीक स्टील वूलने हलकेच काढला. नवा काळा रंग चढवा असं दोघातिघांनी सुचवलं, पण तशा चकचकीत जुन्या बंदुका मला केस काळे केलेल्या पुढाऱ्यांसारख्या दिसतात.

बंदूकवाल्याने परत जोडून देताना चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, मोजलं, अडीच इंच निघालं. म्हणजे पासष्ट मिलिमीटरचीच काडतुसं. सत्तरचं आत बसतं, नळीही बंद होते. पण बार उडताना त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब वाढतो. अण्णांच्या डब्यात दोन्ही मापांची सरमिसळ सापडली. सत्तरची त्याच्याच दुकानात रीतसर जमा करून पावती घेतली.