एन८१०: हरवलेले ४१ एमबी सापडले, आणि क्लोनिंगचा बेत बदलला

मंडळी, माझ्या एन८१० ची (नोकियाचा जुना लिनक्स टॅब्लेट) फ्लॅश, म्हणजे आतली साठवण, उगाचच भरलेली दिसत होती; ती हरवलेली जागा सापडली! कार्डाच्या खाली दडलेली होती. सविस्तर सांगतो, कारण एन८०० किंवा एन८१० अजून चालवणाऱ्या कोणाच्याही टॅब्लेटमध्ये हे होऊ शकतं.

आधी, मागच्या वेळी गाडं कुठे अडलं होतं ते. रूट, म्हणजे फ्लॅशवरची मुख्य फाइल सिस्टीम, ९८ टक्के भरलेलं. ॲप्लिकेशन मॅनेजर एफबीरीडर (पुस्तकं वाचायचं ॲप) बसवू देत नव्हता. एक्सटर्ममध्ये (कमांड लिहायची खिडकी) टॉप, म्हणजे चालू कामांची यादी, लावलं की जेएफएफएस२_जीसीडी_एमटीडी४ सारखा वर दिसायचा. म्हणजे फ्लॅशवरचा कचरा उचलणारा थ्रेड एकेक मोकळा ब्लॉक मिळवायला झगडत होता आणि साधा मेनू उघडायलाही वेळ लागत होता. मागच्या पोस्टवर तुम्ही दिलेल्या सल्ल्याप्रमाणे नको त्या भाषांच्या फाइली आणि डॉकचं (कागदपत्रांचं) फोल्डर उडवलं. डीयू (फाइलींची जागा मोजणारी कमांड) म्हणालं १४ एमबी गेले. डीएफमध्ये मोकळे झाले जेमतेम ५.

हा फरक आधी नीट समजून घ्यावा लागला. आपल्या टॅब्लेटची २५६ एमबीची अंतर्गत फ्लॅश जेएफएफएस२ वर चालते आणि ही फाइल सिस्टीम सगळं दाबून साठवते. डीयू फाइलीचा मूळ आकार सांगतं, डीएफ फ्लॅशवर खरी किती जागा गेली ते सांगतं. भाषांच्या फाइली म्हणजे निव्वळ मजकूर. त्या आधीच चेपून बसलेल्या असतात, म्हणून पुसल्या तरी हाती फार काही लागत नाही. दाबण्याचं काम ४ केबीच्या तुकड्यांत होतं, त्यामुळे झिपइतकं घट्ट बसत नाही, पण मजकुराचा आकार निम्म्याच्या आसपास येतोच. एमपी३, जेपीजी, पीएनजी आणि डेब पॅकेजं (ॲप बसवायच्या फाइली) मात्र मुळातच दाबलेली असतात. ती फ्लॅशवर पडली तर पुरी जागा खातात आणि पुसली तर पुरी परत देतात.

म्हणून मग शोध वळवला तो फक्त न दबणाऱ्या फाइलींकडे. पहिला सोपा घास म्हणजे एक्सटर्ममधून ॲप्ट-गेट (ॲप उतरवून बसवणारी कमांड) वापरल्यावर व्हार/कॅशमध्ये मागे राहणारी डेब पॅकेजं. ॲप्ट-गेट क्लीन मारलं, थोडं सुटलं, ९६ टक्क्यांवर आलं. पुढे फाइंड कमांडला सांगितलं की रूटवरच्या १ एमबीहून मोठ्या सगळ्या फाइली दाखव. यादी आली ती जवळजवळ सगळी लायब्ररींची (प्रोग्रामांना लागणाऱ्या सामायिक फाइलींची). एमपी३ एकही नाही. या यादीचा हिशोब धरला तर रूट ऐंशीच्या आसपास असायला हवं होतं.

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. साध्या लिनक्स मशीनवर डीएफ जास्त आणि डीयू कमी दिसलं की माणूस लगेच सावध होतो. इथे दाबण्यामुळे डीयू नेहमीच जास्त दाखवतं, त्यामुळे वरची चाळीस एमबी त्या फरकात बेमालूम मिसळून गेली. उघडी राहिलेली पण पुसलेली फाइल असेल म्हणून रीबूट केलं. काही फरक नाही.

शेवटी क्लोनिंगच्या, म्हणजे सगळी ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) कार्डावर उतरवण्याच्या, तयारीत असतानाच उलगडा झाला. ओएस कार्डावर न्यायची तर चालू असलेली फ्लॅश दुसऱ्या ठिकाणी पुन्हा माउंट करून (एका फोल्डरला जोडून) तिथून टार, म्हणजे सगळ्या फाइलींचा एक गठ्ठा, काढायचं, ही आपली नेहमीची पद्धत: एमटीडीब्लॉक४ (फ्लॅशचा तो भाग) फक्त-वाचण्यासाठी फ्लॉपी फोल्डरवर. ते केलं आणि सहज म्हणून फ्लॉपीतलं मीडिया फोल्डर उघडलं. तिथे एमएमसी२ रिकामं असायला हवं, कारण अंतर्गत २ जीबी कार्ड त्यावर चढतं आणि त्यातला मजकूर कार्डाचा असतो, फ्लॅशचा नव्हे. पण आत "श्राव्य" नावाचं फोल्डर आणि त्यात एकाखाली एक एमपी३. एकूण ४१ एमबी.

कसं घडलं ते आता स्पष्ट आहे. घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरून रात्री आरसिंक (फाइली पाठवणारा प्रोग्राम) चालतं, ते वायफायवरून नवीन पॉडकास्ट आणि व्याख्यानं टॅब्लेटच्या कार्डावर टाकतं. यूएसबी केबल कॉम्प्युटरला जोडली की टॅब्लेट कार्ड अनमाउंट करून कॉम्प्युटरच्या हवाली करतो. तेवढ्या वेळात एमएमसी२ हे फ्लॅशवरचं एक साधं रिकामं फोल्डर उरतं. आरसिंक रूट (सगळे हक्क असलेला वापरकर्ता) म्हणून आत येतं, फोल्डर दिसतं, लिहून मोकळं होतं. केबल काढली की कार्ड पुन्हा वर चढतं आणि ते एमपी३ त्याच्याखाली झाकले जातात. डीयूला दिसत नाहीत, फाइंडला दिसत नाहीत, फाइल मॅनेजरचा तर प्रश्नच नाही.

पुसायलाही एक पायरी जास्त लागली. कार्ड अनमाउंट होईना, डिव्हाइस बिझी म्हणत राहिलं. कारण व्हर्च्युअल मेमरी: स्वॅपची फाइल (रॅम कमी पडली की वापरायची जागा) त्याच कार्डावर आहे. कंट्रोल पॅनलमधल्या मेमरीत जाऊन ती बंद केली, मग अनमाउंट, मग फोल्डर पुसलं. डीएफ पुन्हा चालवलं: ९६ वरून थेट ८०. एमपी३ची जागा पूर्णच्या पूर्ण परत मिळाली, किती समाधान वाटलं सांगू! स्वॅप लगेच पुन्हा १२८ एमबीवर चालू केला. आपल्या १२८ एमबी रॅममध्ये त्याच्याशिवाय मायक्रोबी (ब्राउझर) आणि मेमो मॅपर (नकाशे) एकत्र चालणं अवघडच.

पुन्हा असं होऊ नये म्हणून कार्डावर एक छोटी लपवलेली फाइल ठेवली आहे. पायवरची स्क्रिप्ट आधी एसएसएचने (दुरून टॅब्लेटमध्ये शिरून) ती फाइल आहे का बघते, नसेल तर गप्प परत जाते. फोल्डरच्या परवानग्या काढून भागत नाही, रूट त्यांना जुमानत नाही. फाइलीची खूण हाच उपाय पक्का.

आता मूळ बेताकडे. आखणी अशी होती की सगळी ओएस बाहेरच्या कार्डावर ईएक्सटी२ (लिनक्सची न दाबणारी फाइल सिस्टीम) करून न्यायची, बूटमेन्यू (सुरू होताना फ्लॅश की कार्ड ते निवडायचा मेनू) टाकायचा आणि फ्लॅश फक्त अडीनडीला ठेवायची. त्यासाठी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या दोन चकरा झाल्या. मिनीएसडी कार्ड आता कोणाकडेच नाही, मायक्रोएसडी आणि मिनीएसडी ॲडॉप्टर हाच मार्ग, आणि ॲडॉप्टरही दुकानदार जुन्या कार्डांच्या डब्यात हात घालून शोधून देतात. एका गाळ्यातून १६ जीबीचं म्हणून घेतलेलं कार्ड एफ३ ने (कार्डाची खरी जागा तपासणारा प्रोग्राम) तपासलं तर खरी जागा त्याच्या निम्मीही निघाली नाही. नवीन कार्ड कुठूनही आणा, एकही फाइल टाकण्याआधी एफ३ चालवाच. दुसऱ्या दुकानातलं ८ जीबी कार्ड खरं निघालं आणि छान चालतंय. ३२ जीबीच्या वर जाऊच नका; त्यापुढची कार्डं एसडीएक्ससी असतात आणि एक्सफॅट या फाइल सिस्टीममध्ये येतात. बॅटरीचं मात्र सोपं आहे. एन८१० ची बीपी-४एल नोकियाच्या ई७१ फोनमध्येही होती, त्यामुळे लॅमिंग्टन रोडला अजून मिळते. फक्त वेष्टनावरच्या एमएएच आकड्यावर विसंबू नका, हातात घेऊन वजन बघा.

हे लिहिता लिहिताच मात्र क्लोनिंगबद्दल माझं मत बदलतंय. फ्लॅश मजकूर आणि लायब्ररी उत्तम दाबून ठेवते. तिथे त्या अर्ध्या जागेत मावतात, कार्डावरच्या ईएक्सटी२ मध्ये पुरी जागा घेतील. मग प्रोग्राम फ्लॅशवरच राहू द्यावेत आणि न दबणारं सगळं कार्डावर पाठवावं, हे जास्त शहाणपणाचं वाटतं. काल रात्री तेवढंच करून पाहिलं. मेमो मॅपरचा नकाशांचा साठा होम फोल्डरमध्ये, म्हणजे फ्लॅशवर, होता, सगळ्या पीएनजी टाइल्स. तो कार्डावर हलवला आणि सेटिंगमध्ये नवा पत्ता दिला. मायक्रोबीची कॅश पुसली. रूट आता ७२ टक्के! ईएक्सटी२ साठी दर बूटला एमबीकॅश मग ईएक्सटी२ हे कर्नलचे जोडभाग (मॉड्यूल) चढवण्याची गरज नाही, बूटमेन्यूसाठी इनिटएफएसला (सुरू होतानाच्या फाइलींना) हात लावायची गरज नाही. क्लोन मी तरीही काढेन, पण आधार म्हणून, रोजच्या वापराला नाही.

रेड पिलवाल्यांसाठी (ॲप्लिकेशन मॅनेजरचा लपलेला प्रगत मोड वापरणाऱ्यांसाठी) एक सूचना: कॅटलॉगच्या पत्त्यात मॅट्रिक्स लिहून आत गेलात की सेटिंगमध्ये पॅकेजं कार्डावर उतरवण्याचा पर्याय दिसतो. तो चालू ठेवा. मोठं पॅकेज बसवताना डेब आणि उघडलेल्या फाइली एकाच वेळी फ्लॅशवर मावण्याची गरज उरत नाही.

ॲप्सची निवडही याच कसोटीवर नव्याने केली. पिजिन (चॅटचं ॲप) काढलं, याहू मेसेंजर २०१८ मध्ये बंद झाला, बाकीची माझी खाती त्याआधीच गेली. कॅनोला (गाणी-व्हिडिओचा प्लेअर) दिसायला आजही देखणं आहे, इतक्या जुन्या यंत्रावर बोटाने सरकणारी ती यादी बघत राहावी अशी. पण ते पायथन आणि ईएफएल लायब्ररींचा सगळा गोतावळा सोबत आणतं आणि मला गाणी नाही, भाषणं ऐकायची असतात. त्याला एमप्लेअर पुरतो. कॅनोला गेलं. एफबीरीडर बसलं. एक्सटर्म आणि ओपनएसएसएच अर्थातच राहणार.

अंगभूत आरएसएस रीडर (बातम्या गोळा करून दाखवणारा) काढायच्या फंदात पडू नका. ॲप्ट-गेट त्याच्यासोबत ओएसएसओ-सॉफ्टवेअर-व्हर्जन-आरएक्स४४ हे मेटापॅकेजही (इतर पॅकेजांना बांधून ठेवणारं) काढायला निघतं आणि ते गेलं की सिस्टीम अपडेटची साखळी तुटते. मिळणारी जागा नगण्य, कारण तोही दाबलेलाच आहे.

मायक्रोबीला टीएलएस १.२ (सुरक्षित जोडणीची पद्धत) येत नाही, त्यामुळे आजच्या बहुतेक साइट त्यावर उघडतच नाहीत. म्हणून माझं वाचन पायवरूनच येतं: लेख रात्री साध्या मजकुरात उतरतात आणि सकाळी मुलुंडहून सीएसएमटीपर्यंत गाडीत उभ्याने वाचून होतात. ८०० बाय ४८० चा तो पडदा उन्हातही वाचता येतो आणि एका हातात नीट बसतो. मराठीसाठी लोहित फॉन्ट होममधल्या .फॉन्ट्समध्ये टाकला, फाइलींच्या नावांतले रिकामे चौकोन जाऊन अक्षरं आली. पुस्तकं मात्र मी अजून पीडीएफमध्येच वाचतो.

पुढचं काम पायवर एक छोटा प्रॉक्सी (मधला दुवा) बसवण्याचं. टॅब्लेटशी साधं एचटीटीपी बोलायचं आणि बाहेर टीएलएस, म्हणजे मायक्रोबीत निदान हवामान आणि गाड्यांची माहिती उघडेल. कोणी हे एन८१० वर चालवलं असेल तर चित्रं वाटेतच लहान कशी केली ते नक्की सांगा. आणि आज घरी गेल्यावर आपापली फ्लॅश एकदा फ्लॉपीवर माउंट करून मीडियातली दोन्ही फोल्डरं उघडून बघा. एमएमसी१ सुद्धा.