गप्पी ब्रीडिंग लॉग: पहिली बॅच, आणि नर-मादी वेगळे करण्याची घाई

गप्पी या छोट्या शोभेच्या माशांना पिल्लं होणं यात अवघड काही नाही. नर-मादी एका टाकीत सोडले की पिल्लं होतातच. अवघड आहे ते पिल्लांचा बाप नेमका कोणता हे खात्रीने सांगता येणं. गप्पीची मादी नराचे शुक्राणू शरीरात कित्येक महिने साठवून ठेवते आणि एकदाच्या मीलनावर एकामागून एक अनेक बॅच देऊ शकते. म्हणजे विकत आणलेली मोठी मादी आधीच्या टाकीतल्या नरांची पिल्लं पोटात घेऊनच घरी येते. माझी सगळी मांडणी या एका गोष्टीभोवती आहे.

चार टाक्या आहेत. ६० लिटरची मोठी, त्यात आईबाप. ४० लिटरच्या दोन, एक वाढत्या नरांची आणि एक माद्यांची. २० लिटरची एक छोटी, फक्त बाळंतपणासाठी. चारही टाक्यांना स्पंज फिल्टर, एकाच एअर पंपावर. हँग-ऑन (टाकीच्या काठावर टांगायचा) फिल्टर मुद्दाम टाळला, कारण नवजात पिल्लू सहज आत ओढलं जातं. पिल्लांच्या टाक्यांत तळाला वाळू नाही. उघड्या काचेवर उरलेलं खाणं लगेच दिसतं आणि बारीक नळीने खेचून काढता येतं.

पाणी: तापमान २५ अंश, पीएच ७.६, जीएच (पाण्याचा जडपणा) १२. या जातीच्या माशांना थोडं जड, अल्कधर्मी पाणी मानवतं. पण पीएच वर असला की अमोनियाचा विषारी भागही वाढतो, म्हणून सायकलिंग (अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढवणं) पूर्ण झाल्याशिवाय एकही मासा आत सोडला नाही. जुन्या टाकीतला मुरलेला स्पंज नव्या फिल्टरशेजारी चालवला. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट दिसतंय, अशी स्थिती टिकून राहिली तेव्हाच जोडी सोडली. जोडी म्हणायची सवय, प्रत्यक्षात एका नरामागे तीन माद्या. नर दिवसभर मागे लागतो, एकच मादी असली तर ती दमून जाते.

स्ट्रेन, म्हणजे गप्पीचा वाण, मॉस्को ब्लू. निवडीला कारण आहे. गप्पीच्या नरातले काही रंग वाय गुणसूत्रावरून थेट बापाकडून मुलाकडे जातात. डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी १९२० मध्ये आणि ओइविंद विंगे यांनी १९२२ मध्ये गप्पींवरच हे दाखवून दिलं होतं. मॉस्कोचा रंगही असाच बापाच्या बाजूने उतरतो, त्यामुळे बॅचमधल्या नरांकडे पाहिलं की बाप आपलाच आहे का, याचा अंदाज बांधता येतो. शेपटीच्या आकारात मात्र आईकडूनही बरंच येतं आणि मादीच्या अंगावर ते सहज दिसत नाही. म्हणून मादी निवडताना मी तिच्या भावांच्या शेपट्या बघतो.

आता बाळंतपण. पोटामागचा गडद डाग मोठा झाला, पोट खालून चौकोनी दिसायला लागलं आणि मादी कोपऱ्यात एका जागी थांबू लागली, तेव्हा तिला छोट्या टाकीत हलवलं. प्लास्टिकचे ब्रीडिंग बॉक्स मला पटत नाहीत. तेवढ्याशा जागेत मादी घाबरते, आणि घाबरलेली मादी पिल्लं अर्धवट अवस्थेतही टाकते. त्याऐवजी निम्मी टाकी जावा मॉस आणि हॉर्नवर्ट या पाणवनस्पतींनी गच्च भरली. मादी झाडाच्या कडेकडेने फिरते, पिल्लं आत शिरतात. गर्भकाळ साधारण तीन ते चार आठवड्यांचा, पाणी कोमट असेल तर कमी.

पिल्लू बाहेर येतं ते गुंडाळलेलं, एक डोळा आणि पारदर्शक पट्टी एवढंच दिसतं. ते खाली जातं, मध्येच सरळ होतं, तळाला टेकतं आणि मग एकदम झटके देत वर पोहत सुटतं. त्या वेळी आई भुकेली असेल तर तिथेच टिपते. म्हणून तिला आधी भरपूर खायला दिलं होतं आणि शेवटचं पिल्लू झाल्यावर लगेच बाहेर काढलं.

खाणं: ताजं आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची नुकती फुटलेली पिल्लं. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, चिमूटभर अंडी, खालून जोरात हवा, वर दिवा, तापमान २७ अंशांच्या आसपास. साधारण २४ तासांत नारिंगी ढग दिसतो. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात आणि जिवंत पिल्लं खाली, उजेडाच्या बाजूला जमतात. तिथून नळीने काढायची, बारीक जाळीत धुवायची आणि लगेच घालायची, कारण अंगातला साठा काही तासांत संपतो आणि खाद्याचा कस उतरतो. खाल्ल्यावर गप्पीच्या पिल्लांची पोटं नारिंगी दिसतात, तोच माझा हिशेब. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. आणि पाणी बदलणं वारंवार, कारण भरपूर खाणं आणि स्वच्छ पाणी एकत्र मिळालं तरच वाढ धरते.

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला तो नर-मादी ओळखण्यात. तिसऱ्या आठवड्यापासून रोज बघायचं. पिल्लू छोट्या काचेच्या ग्लासात घ्यायचं, मागून टॉर्च आणि हातात भिंग. पोटाखालचा पर पंख्यासारखा तिकोनी राहिला तर मादी. त्याचा तिसरा, चौथा, पाचवा काटा लांबायला लागला आणि पर टोकदार होऊ लागला तर नर. याचंच पुढे गोनोपोडियम, म्हणजे नराचा मीलनाचा अवयव होतो. रंगाची वाट बघायची नाही. रंग दिसेपर्यंत काही नर तयार झालेले असतात. शंका असलेली पिल्लं मी नरांच्या टाकीत टाकतो. तिथे पुढे एखादी मादी निघाली तर ती फक्त प्रजननातून बाद होते, पण माद्यांच्या टाकीत एक नर राहिला तर अख्खी टाकी वाया.

सध्या माद्यांच्या टाकीत एकीचंही पोट वाढलेलं नाही. आणखी काही आठवडे हेच चित्र राहिलं तर त्या कुमारी आहेत असं धरून नर निवडीन: पाठ सरळ, शेपटीच्या कडा समान, निळा रंग डोक्यापर्यंत. उरलेले मासे ओळखीच्या छंदी लोकांकडे जातील, ओढ्या-तळ्यात एकही नाही. गप्पी कुठेही तग धरतात आणि तिथल्या मूळ माशांना ते महागात पडतं.