वॉकर : कापड तुडवणाऱ्यांचं आडनाव

वॉकर हे ब्रिटनमधल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या पहिल्या वीस आडनावांपैकी एक. चालण्याशी त्याचा संबंध आहे, पण हे चालणं रस्त्यावरचं नाही. मध्ययुगात वॉकर म्हणजे लोकरीचं ओलं कापड हौदात घालून तासन्‌तास पायांनी तुडवणारा कारागीर. ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदावरून हे नाव आलं त्याचा अर्थ लोळवणं, घोळवणं असा होता. चालण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. त्यामुळे ‘आमचे पूर्वज फिरस्ते होते’ ही काही वॉकर घराण्यांत सांगितली जाणारी कथा गोड असली तरी सोडून द्यावी.

आधी कामाबद्दल, कारण या आडनावाचा नकाशा कामावरूनच कळतो. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ आणि तेलकट असतं. मेंढीच्या लोकरीतली चरबी असतेच, वर सूत कातताना लावलेलं तेल किंवा लोणी. हे काढलं नाही तर रंग डागाडागांनी बसतो आणि कापडातून वारा आरपार जातो. म्हणून पहिल्या धुण्याला शिळं मूत्र वापरत. मूत्र मुरलं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चरबीशी मिसळून साबणासारखं काम करतो. घरोघरून पिंपात मूत्र गोळा करण्याची पद्धत होती. उरलेला तेलकटपणा ओढायला एक विशिष्ट माती लागे, मुलतानी मातीच्याच जातीची. सरे परगण्यातल्या नटफील्डच्या खाणी त्यासाठी प्रसिद्ध होत्या. मग तुडवणं. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, ऊब आणि घर्षण मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून दाट होतं. ते किती आटावं याचा अंदाज विणकराला आधीच करावा लागे, म्हणून मागावरचा पन्हा विक्रीच्या पन्ह्यापेक्षा बराच मोठा ठेवत.

यात बिघडण्यासारखं पुष्कळ. घड्या वेळोवेळी बदलल्या नाहीत तर घडीच्या रेषेवर कापड चिकटून सुरकुती कायमची बसते. कमी तुडवलं तर चरबी राहते आणि पुढे रंगाऱ्याची पंचाईत होते. जास्त तुडवलं तर कापड जाड आणि आखूड होतं, म्हणजे विकायला कमी गज. त्यावरचा लबाडीचा उपाय असा, की लाकडी चौकटीच्या आकड्यांवर वाळत घालताना कापड गरजेपेक्षा जास्त ताणायचं. पहिल्या पावसात भिजलं की ते पुन्हा आटायचं आणि गिऱ्हाईक फसायचं. अशा ताणण्याविरुद्ध इंग्लंडमध्ये वेळोवेळी कायदे झाले.

याच कामाला इंग्लंडमध्ये तीन नावं होती आणि तिन्ही आडनावं झाली. आग्नेयेला आणि ईस्ट अँग्लियात फुलर, नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेट आणि कॉर्नवॉलच्या बाजूला टकर, उत्तरेत आणि मिडलँड्सच्या बऱ्याच भागात वॉकर. फुलर हा शब्द मुळात लॅटिनमधला, नॉर्मन फ्रेंचनंही त्याला बळ दिलं. टकर ज्या जुन्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ चक्क छळणं. कापडाचं जे व्हायचं ते पाहता चूक नाही. एक्झिटरमध्ये टकर्स हॉल ही १४७१ ची इमारत अजून उभी आहे, ती विणकर, टकर आणि कापड कातरणाऱ्यांच्या संघाची. कॉर्नवॉलमध्ये कँबोर्नजवळ टकिंगमिल नावाचं गाव आहे, तर उत्तरेत वॉकमिल नावाच्या जागा जागोजागी सापडतात. म्हणजे आडनाव आणि स्थळनाव दोन्ही एकच रेघ ओढतात.

या रेघेचा भरवसा किती धरायचा? बराच, पण आंधळेपणानं नाही. सीमेवरच्या परगण्यांत दोन शब्द शेजारी शेजारी चालत. विक्लिफच्या मंडळींनी चौदाव्या शतकात बायबलचं इंग्रजी भाषांतर केलं, त्याच्या पहिल्या प्रतीत मार्कच्या शुभवर्तमानात फुलर लिहून लगेच ‘किंवा कापडाचा वॉकर’ अशी पुस्ती जोडलेली आहे. दोन्ही भागांतल्या वाचकांना कळावं म्हणूनच बहुधा.

तुडवण्याचं काम पायांकडून फार लवकर यंत्राकडे गेलं. टेंपलर या धर्मयोद्ध्या सरदारांच्या संघाच्या मालमत्तेची ११८५ मध्ये पाहणी झाली, तिच्यात यॉर्कशरमधल्या न्यूसम इथली आणि कॉट्सवोल्डमधल्या बार्टन इथली अशा दोन कापड कुटणाऱ्या पाणचक्क्यांची नोंद आहे. पाण्याचं चाक फिरायचं, त्याच्या आसावरच्या खुंट्या जड लाकडी हातोडे उचलायच्या आणि सोडायच्या, आणि हातोडे हौदातल्या कापडावर आदळायचे. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत अशा चक्क्या वेगानं पसरल्या. याचा परिणाम मोठा झाला: सपाट शहरातल्या संथ नदीपेक्षा डोंगरातला खळाळता ओढा कापडाच्या धंद्याला जास्त उपयोगी ठरला. उत्तरेतल्या पेनाइन्स डोंगररांगेच्या दऱ्या, कॉट्सवोल्ड, डेव्हन इथे काम सरकलं. चक्कीवरचा माणूस पाय वापरत नव्हता तरी उत्तरेत त्याला वॉकरच म्हणत राहिले आणि त्याच्या चक्कीला वॉकमिल.

आडनावं स्थिरावण्याचा काळही हाच. १०६६ नंतर नॉर्मन सरदारांनी जमिनीच्या वारशासाठी पिढीजात नावं लावायला सुरुवात केली. सामान्य लोकांत दक्षिणेत ती साधारण १३५० पर्यंत रुजली, उत्तरेत त्याला आणखी शंभरेक वर्षं लागली. म्हणून तेराव्या शतकातला ‘रिचर्ड ल वॉकर’ हा खरोखर कापड तुडवणारा होता असं धरायला हरकत नाही, पण त्याच्या मुलाचं आडनाव वॉकर होतंच असं नाही. मुलगा सुतार झाला तर कार्पेंटर लिहिला जायचा. दरडोई कराच्या १३७७, १३७९ आणि १३८१ च्या याद्या इथे कामाला येतात. माणसाचं आडनाव वॉकर आणि पुढे लिहिलेला धंदा वेगळा असेल, तर त्या घरात आडनाव पिढीजात झालं होतं असं समजावं. त्याआधीच्या कागदांत आणखी एक गोची आहे: कारकून लॅटिनमध्ये लिहायचा आणि तिघांनाही ‘फुलो’ लिहायचा. ‘रॉबर्टस फुलो’ला शेजारी काय हाक मारत हे अशा नोंदीवरून ठरवता येत नाही, गाव उत्तरेतलं असेल तर वॉकर, एवढंच अनुमान.

मग एकाच धंद्यातून आलेली फुलर आणि टकर ही नावं मागे का पडली? एक कारण साधं: वॉकर हा शब्द चालणारा प्रदेशच मोठा होता. दुसरं जास्त महत्त्वाचं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कापडधंदा यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगमध्ये एकवटला आणि डेव्हन, सफक इथला मागे हटला. लीड्स, हॅलिफॅक्स, हडर्सफील्डची लोकसंख्या भराभर वाढली आणि तिथल्या सगळ्याच आडनावांबरोबर वॉकरही वाढलं. १८८१ च्या जनगणनेच्या आधारे काढलेल्या नकाशांत वेस्ट रायडिंगवर वॉकरचा गडद डाग दिसतो, डेव्हनवर टकरचा. रेल्वे आणि स्थलांतरानं हे रंग पुसट झाले, पण आजही पूर्ण मिटलेले नाहीत.

सगळे वॉकर मात्र याच कुळातले नाहीत. स्कॉटलंडमध्ये गेलिक भाषेतलं ‘कापड तुडवणाऱ्याचा मुलगा’ अशा अर्थाचं आडनाव इंग्रजीत आणताना अनेकांनी सरळ वॉकर केलं. धंदा तोच, पण वंश वेगळा. राजाच्या राखीव जंगलाचे ‘वॉक’ नावाचे विभाग असत आणि त्यांवरच्या रखवालदारालाही वॉकर म्हणत. तिथून थोडी घराणी आली असावीत. आणि न्यूकासलजवळ वॉकर नावाची वस्तीच आहे. तिचा कापडाशी काही संबंध नाही: हेड्रियनच्या रोमनकालीन भिंतीतली ‘वॉल’ आणि दलदलीला असलेला नॉर्स शब्द मिळून ते नाव झालं. तिथल्या टाइन नदीकाठचे सगळे वॉकर तिथलेच असं ठोकून देणारे लोक भेटतात. तसं कागदावर दाखवायचं असेल तर नावाआधी गाव दाखवणारं फ्रेंच ‘द’ (de) लागतं, धंदा दाखवणारं ‘ल’ (le) नव्हे.

अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत वॉकर ३१ व्या क्रमांकावर होतं, पाच लाखांहून जास्त लोकांचं. त्यांतले सुमारे एक तृतीयांश आफ्रिकी अमेरिकन. यॉर्कशरच्या चक्कीशी त्यांचा रक्ताचा धागा असेलच असं नाही. १८६५ नंतर मुक्त झालेल्या लोकांनी आडनावं घेतली किंवा आधीपासून आपापसांत वापरलेली उघडपणे लावली. कधी मालकाचं, बऱ्याचदा शेवटच्या मालकाचं नसलेलंही. या घराण्यांचा शोध १८७० च्या जनगणनेपासून सुरू करावा, कारण सर्व कृष्णवर्णीयांची नावं लिहिणारी ती पहिली देशव्यापी मोजणी. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेच्या १८६५ ते १८७४ च्या खातेवहीत पुष्कळदा आईबाप, भावंडं आणि जुन्या मालकाचंही नाव असतं. जाता जाता: धाकट्या जॉर्ज बुश यांच्या नावातलं डब्ल्यू म्हणजे वॉकरच, आजीच्या माहेरचं.

आता इंग्लंडमधला एखादा वॉकर वंश मागे न्यायचा असेल तर. आडनाव शोधू नका, गाव शोधा. वेस्ट रायडिंगच्या एकाच चर्चच्या नोंदवहीत एकाच दशकात तीन-चार जॉन वॉकर सहज सापडतात आणि बहुतेक चुकीचे वंशवृक्ष इथेच जन्मतात. १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्म, विवाह, मृत्यू नोंदणी आहे. महानोंदणी कार्यालयाच्या नव्या ऑनलाइन सूचीत १८३७ पासूनच आईचं माहेरचं आडनाव दिलेलं आहे, जुन्या सूचीत ते १९११ पासून होतं. वॉकरसाठी हा फरक प्रचंड आहे. आईच्या आडनावावरून भावंडांचा गट पाडता येतो. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं साधारणपणे पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत, म्हणजे २५ लिहिलं असेल तर माणूस २५ ते २९ मधला. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची जनगणना आगीत जळाली आणि १९४१ ची झालीच नाही, तेव्हा १९२१ नंतरचा आधार म्हणजे सप्टेंबर १९३९ मध्ये केलेली देशभरातल्या रहिवाशांची नोंदवही.

१८३७ च्या मागे चर्चच्या वह्या. त्या १५३८ च्या हुकुमानं सुरू झाल्या, पण बऱ्याच गावांत १५५८ पासूनच्याच उरल्या आहेत आणि १६४० ते १६६० च्या यादवीत मोठी खिंडारं आहेत. वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे फेब्रुवारी १७१० चा बाप्तिस्मा आपल्या हिशोबानं १७११ चा. हे विसरलं की लग्नाआधीच मूल झालेलं दिसतं आणि उगाच एखादं प्रकरण रंगवलं जातं. यॉर्कशरचं एक भाग्य असं की विल्यम डेड या पाद्र्याच्या आग्रहातून १७७७ च्या सुमारास काही चर्चांनी सविस्तर नोंदी ठेवायला घेतल्या: बापाचा धंदा, राहण्याची जागा, आईवडिलांचे आईवडील. अशी वही मिळाली तर एका ओळीत दोन पिढ्या हाती लागतात. नाही मिळाली तर मृत्युपत्रं. १८५८ च्या आधीची धर्मन्यायालयांत नोंदवली जात, आणि यॉर्कची यॉर्कमध्येच बॉर्थविक संस्थेत आहेत. गरीब घर असेल तर गरिबाचा भार कोणत्या गावावर हे ठरवणाऱ्या १६६२ च्या कायद्यानंतरचे वस्तीचे जबाब पाहावेत, त्यांत माणूस कुठून आला ते त्याच्याच तोंडून लिहिलेलं असतं. अजून मागे जायचं धाडस असेल तर वेकफील्ड जहागिरीच्या न्यायालयाचे कागद १२७४ पासूनचे आहेत आणि वॉकरांच्या मुलखाचा मोठा तुकडा त्यांत येतो.

शोधताना ध्वनीनुसार जुळवणाऱ्या साउंडेक्स पद्धतीवर विसंबू नका. वॉकरचा सांकेतिक क्रमांक डब्ल्यू ४२६. पण उच्चारात ‘एल’ गप्प असल्यानं कित्येक कारकुनांनी ते अक्षर गाळून लिहिलं, आणि त्याचा क्रमांक होतो डब्ल्यू २६०. यंत्राच्या दृष्टीनं हे वेगळंच आडनाव. हस्ताक्षर लावताना ‘के’चा ‘एल’ वाचला गेला तर वॉलर होतं, डब्ल्यू ४६०. याउलट विल्चरही ४२६ मध्ये येऊन बसतो. तीनही रूपं वेगवेगळी टाकून पाहणं हाच खात्रीचा मार्ग.

‘वॉकर घराण्याचं कुलचिन्ह’ म्हणून छापील ढाल विकणाऱ्यांना दारातूनच परतवावं. इंग्लंडमध्ये ढाल आडनावाला मिळत नाही, एका व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळते. ती कुणाला दिली याचे कागद लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे असतात.

उरली जनुकीय चाचणी. लेस्टर विद्यापीठातल्या तुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांची वाय गुणसूत्रं, म्हणजे आडनावासारखीच बापाकडून मुलाकडे जाणारी, तपासली. अ‍ॅटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावाचे बहुतेक पुरुष एकाच पूर्वजाकडे जाताना दिसले. स्मिथसारख्या आडनावात मात्र रस्त्यावरचे कुणीही चार लोक घेतल्यासारखी विविधता होती. वॉकर या दुसऱ्या टोकाचं नाव. शेकडो गावांत शेकडो माणसांनी ते वेगवेगळं घेतलं, शिवाय अनौरस मुलाला आईचं आडनाव लागायचं तेव्हा ते नव्याच वाय गुणसूत्रावर चढायचं. म्हणून दोन वॉकर जुळतात का हे पाहण्यासाठी १२ मार्करची (म्हणजे गुणसूत्रावरच्या १२ ठिकाणांची तुलना करणारी) चाचणी निरर्थक आहे, पश्चिम युरोपात त्या पातळीवर योगायोगानं ढिगानं जुळतात. किमान ३७ मार्कर घ्यावेत, परवडत असेल तर १११, आणि चाचणीला उभे करायचे दोघं कागदोपत्री एकाच गावाकडे निर्देश करणारे असावेत.