आजीच्या घोट्याला एक किलो

मुलाकडे राहायला आलेल्या आजी न्यूझीलंडमध्ये ड्राइव्हवेवर घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं, तर जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात 'विमा कुठला?' हा पहिला प्रश्न नसतो. कधी, कुठे आणि कशा पडलात ते विचारतात आणि एसीसी ४५ नावाचा फॉर्म भरतात. एसीसी म्हणजे अपघात भरपाईचं सरकारी महामंडळ. चूक कोणाची याच्याशी त्याला देणंघेणं नाही, आणि व्हिजिटर व्हिसावर असलात तरी दुखापतीचे उपचार त्यात बसतात. जीपी स्वतःची वरची फी घेतो, ती वेगळी. न्यायमूर्ती ओवेन वुडहाऊस यांच्या आयोगाने १९६७ साली ही योजना सुचवली आणि १ एप्रिल १९७४ पासून ती लागू झाली. पैसा येतो पगारातल्या कपातीतून, गाडीच्या वार्षिक शुल्कातून आणि पेट्रोलमधून. बदल्यात एक हक्क सोडावा लागतो: दुखापतीच्या नुकसानभरपाईसाठी कोर्टात जाता येत नाही.

आता गंमत बघा. याच आजींना न्यूमोनिया झाला, तर सगळं बिल मुलाच्या खिशातून. पक्षाघाताचा झटका येऊन पडल्या आणि खुबा मोडला, तर खुबा एसीसीचा आणि झटका आजींचा. पलंग एकच, खाती दोन. इथल्या रहिवाशांचंही तेच. जिन्यात पाय मुरगळला की फिजिओकडे थेट जाता येतं, जीपीची चिठ्ठी लागत नाही. पण गुडघा वयोमानाने झिजलाय असं ठरलं की एसीसी हात वर करते आणि सरकारी रुग्णालयाची रांग सुरू होते. म्हणून आईबाबांना इकडे बोलावताना 'अपघात तर फुकट आहे' म्हणून प्रवास विमा टाळणारे भेटले, की मला चिडायला होतं. म्हातारपणी आजारच जास्त, अपघात कमी.

पण एका गोष्टीसाठी या योजनेला मानावं लागतं. खुबा मोडल्यावरचा खर्च तिच्याच तिजोरीतून जातो, त्यामुळे तो मोडू नये यातही तिचा स्वार्थ आहे. आपल्याकडे मेडिक्लेम खुब्याच्या ऑपरेशनचे लाखो रुपये देईल, पण बाथरूममध्ये धरायचा दांडा बसवायला एक रुपया देणार नाही. चोवीस तास ॲडमिट असायला हवं ना!

इथल्या जीपी आणि नर्सना वयस्कर पेशंटला तीन प्रश्न विचारायला शिकवलेलं असतं. वर्षभरात घसरलात, अडखळलात किंवा पडलात का? हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का? तोल जाईल या भीतीने एखादी गोष्ट करणं सोडलंत का? एका जरी उत्तरात गडबड वाटली तर पुढची तपासणी. त्यातली खुर्चीची चाचणी घरीही होते. साधारण १७ इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून बसायचं, आणि किती वेळा उठलो ते मोजायचं. हात टेकला तर गुण शून्य. ७५ ते ७९ वयाच्या पुरुषाला ११ पेक्षा आणि बाईला १० पेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त. ही चाचणी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अजिबात करू नका. ती मागे सरकते, आणि मग चाचणीतच निकाल लागतो.

तपासणीनंतर काय, याचं उत्तर इथल्याच ड्युनेडिन शहरातल्या ओटागो विद्यापीठात तयार झालं. जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ८० वर्षांपुढच्या २३३ बायकांवरचा पहिला अभ्यास छापला. तिथे फिजिओथेरपिस्ट घरी जाऊन व्यायाम शिकवत होता. पुढच्या अभ्यासांत तेच काम प्रशिक्षण दिलेल्या साध्या नर्सनी केलं, त्यातल्या काही जीपीच्या दवाखान्यातल्या, आणि तरीही ते जमलं. चार अभ्यासांतल्या ६५ ते ९७ वयाच्या १०१६ लोकांचे आकडे एकत्र केले, तेव्हा पडणं ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. कुठलंही मशीन नाही, औषध नाही. घोट्याला बांधायचा वजनाचा पट्टा, आधाराला ओटा आणि घरी येणारी नर्स: पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या आठवड्यात, मग सहा महिन्यांनी एकदा. मधल्या काळात महिन्याला एक फोन.

व्यायाम आठवड्यातून तीनदा, अर्धा तास. ताकदीच्या पाच प्रकारांपैकी तीन पट्टा बांधून. पहिला, खुर्चीत पाठ टेकून गुडघा सरळ करायचा. दुसरा, ओट्याकडे तोंड करून, ओटा धरून, टाच मागे उचलायची. तिसरा, ओट्याला बाजूने उभं राहून बाहेरचा पाय बाजूला न्यायचा, बोटं समोरच. हा तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त चुकणारा. पाय उचलायच्या ऐवजी माणूस कंबरेतून दुसरीकडे झुकतो. पाय वर गेलेला दिसतो, पण खुब्याच्या बाजूच्या स्नायूला काहीच काम होत नाही. चालताना एका पायावर असतो तेव्हा तोल सांभाळतो तो हाच स्नायू. उरलेले दोन वजनाशिवाय: चवड्यांवर उभं राहणं आणि टाचांवर उभं राहणं.

सुरुवात बहुतेकांची एक किलोने. उचलायला दोन-तीन सेकंद, खाली आणायला चार-पाच. श्वास रोखायचा नाही. आठ वेळाही नीट होत नसेल तर वजन जास्त आहे. दहाचे दोन फेरे आरामात झाले, मध्ये एक-दोन मिनिटांची विश्रांती धरून, तर वजन वाढवायचं. नेमकं इथेच सगळं फसतं. पट्टा एक किलोवर येऊन वर्षभर तिथेच राहतो, कारण 'झेपतंय ना, कशाला वाढवायचं?' झेपतंय म्हणूनच वाढवायचं. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतात, ते ठीक. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा दम लागला तर लगेच थांबून डॉक्टर गाठायचा. ताप-खोकल्याने पंधरा दिवस खंड पडला, तर पुन्हा हलक्या वजनावर यायचं. पट्टा खेळाच्या दुकानात मिळतो. जुन्या पँटच्या पायाची नळी शिवून त्यात तोलून वाळू भरली तरी चालते, फक्त घोट्यावर फिरणार नाही इतकी घट्ट बांधायची.

मग तोल: एका पावलाच्या पुढे दुसरं पाऊल, टाचेला बोटं टेकवून दहा सेकंद उभं राहणं; तसंच दहा पावलं चालणं; बाजूने चालणं, मागे चालणं, आठचा आकडा काढत वळणं. आधी ओटा धरून, नंतर सोडून.

'पण बाबा रोज पर्वती चढतात!' उत्तम. हृदयाला, साखरेला उत्तम. पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ब्रिटनमध्ये आधी हात मोडलेल्या बायकांना भरभर चालायला सांगितलं, तर त्या जास्त पडल्या. ओटागोच्या कार्यक्रमातही चालणं आहे, आठवड्यातून किमान दोनदा अर्धा तास. पण ताकद आणि तोल यांच्या जोडीला. आणि मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवं बसून भाजी निवडणाऱ्या आपल्या पिढीचं मला कौतुक आहे, ते इथल्या म्हाताऱ्यांना जमायचं नाही. अडचण एवढीच की साठीनंतर गुडघ्याच्या डॉक्टरने 'खाली बसू नका' सांगितलं की ते सुटतं आणि त्याच्या जागी दुसरं काही येत नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या पाडतात. ओटागोच्याच गटाने १९९९ मध्ये ६५ पुढच्या ९३ लोकांवर केलेल्या अभ्यासात या गोळ्या चौदा आठवड्यांत हळूहळू बंद केल्यावर पडणं ६६ टक्के कमी झालं. अभ्यास संपल्यावर महिन्याभरात जवळपास निम्म्यांनी गोळी परत सुरू केली, इतकी ती चिकट. एकदम बंद करणं धोक्याचं, डॉक्टरच्या देखरेखीखालीच कमी करायची. रक्तदाब पाच मिनिटं आडवं पडून मोजायचा, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगायचं. आणि ड जीवनसत्त्वाची ६० हजारांची पुडी स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षं चालू ठेवू नका: ऑस्ट्रेलियात वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिलेल्या बायका कमी नाही, जास्त पडल्या.

बाथरूम. दांडा ३२ मिलिमीटर जाडीचा, स्टीलचा, भिंतीपासून चार सेंटिमीटर पुढे. टॉवेलची दांडी हा आधार नव्हे. भिंतीच्या टाइलला चिकटणारा सक्शनचा दांडा तर त्याहून वाईट, तो विश्वास देऊन दगा देतो. नव्या इमारतीत हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर प्लॅस्टिकची गिट्टी धरत नाही, केमिकल अँकर, म्हणजे चिकट रसायनाने भिंतीत पक्का बसवलेला बोल्ट, लागतो. बसवल्यावर प्लंबरलाच त्यावर लोंबकळायला सांगा. न्यूझीलंडच्या तारानाकी भागात ८४२ घरांवर केलेल्या अभ्यासात दांडे, कठडे, बाहेरचा दिवा आणि पायऱ्यांच्या कडांवर न घसरणारी पट्टी एवढ्यावर घरात पडून होणाऱ्या दुखापती २६ टक्क्यांनी कमी झाल्या. दृष्टी फार अधू असेल तर आधी घर सुधारायचं: ७५ पुढच्या अशा लोकांत घर सुधारून पडणं ४१ टक्के घटलं, व्यायामाने मात्र घटलं नाही.

इथे बसून शहाणपणा शिकवायला काय जातं, असं म्हणाल. म्हणा. पण शेजारच्या खोलीत झोपणारा मुलगाही पहाटे चार वाजता आईला बाथरूममध्ये धरायला उभा नसतो, दांडा असतो. आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. आशाताई घरोघरी भरतात त्या सीबॅक नावाच्या आरोग्य-तपासणीच्या फॉर्ममध्ये साठीपुढच्यांना 'उभं राहताना किंवा चालताना अस्थिर वाटतं का?' हा प्रश्न आहे. त्याला 'हो' म्हणणाऱ्या माणसाच्या घरी पट्टा घेऊन पाच वेळा कोण जाणार, हे अजून ठरायचंय.

तोवर महिन्याचा फोन तरी ऑकलंडहून, दुबईहून, कुठूनही करता येतो. ओटागोच्या अभ्यासात लोक पडण्याची नोंद कॅलेंडरवर करायचे. कालनिर्णय भिंतीवर असतंच. व्यायाम केला त्या दिवशी टिक, पडलात त्या दिवशी फुली. 'बरं आहे ना?' विचारू नका, त्याचं उत्तर कायम 'बरं आहे' असतं. टिका किती, फुल्या किती, पट्टा किती किलोचा, हे विचारा.