कारवीची वही: बहरानंतरचा पहिला पावसाळा

2024 मध्ये बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवीची झुडपं एकदम फुलली, तेव्हा आपण सगळेच कॅमेरे घेऊन धावलो. यंदा तिकडे चिटपाखरू नाही. 2008, 2016, 2024 अशी आठ वर्षांची पाळी म्हटल्यावर मधल्या वर्षांकडे कोण ढुंकून बघतंय! मी मात्र याच मधल्या वर्षांची वही घातली आहे.

उन्हाळ्यात उतारावर नुसत्या काटक्या उभ्या होत्या. एकदा बी धरलं की कारवी मरते, पण वाळकी बोंडं दांड्यांवर तशीच राहतात. ती तडकताना मला ऐकायची होती. वळवाची सर येऊन गेली, हवा दमट झाली आणि सुरू झालं की तडतड, आधी एखाददुसरं, मग चहूबाजूंनी! बोंड उभं उकलतं आणि आतलं बी टणकन बाहेर उडतं. एक माझ्या चष्म्यावरच आपटलं. रेकॉर्डिंग केलंय, पण मागे विमानाची घरघर आहेच. मुंबईचं जंगल, दुसरं काय.

मग पाऊस लागला आणि त्याच काटक्यांखाली रोपांची दाटी झाली. बोटभर उंचीची, पण पानांना करवती कडा आत्ताच दिसते. यातली किती तगतील ते दिसेलच.

काळजी वाटते ती पायांची. वाट सोडून धबधब्याकडे उतरणाऱ्यांना हे गवत वाटतं, आणि ती रोपं तुडवली जातात. उद्यान जेमतेम 104 चौरस किलोमीटरचं, आणि त्यातच तुळशी-विहार तलावांचं पाणलोट. जुन्या कारवीची मुळं कुजत जाणार, तेव्हा उताराची माती धरायला हीच पोरं हवीत. वाट सोडू नका ही पाटी फक्त बिबट्यासाठी नसते, एवढं सोबत येणाऱ्यांना सांगत चला.

एक कोडं अजून सुटलेलं नाही. वाळक्या पानासारखं दिसणाऱ्या ब्लू ओकलीफ फुलपाखराच्या अळ्या कारवीवर वाढतात. सगळी झाडं एकदम मेल्यावर मादी अंडी घालते कुठे? पाळी चुकवून उरलेल्या चुकार कारवींवर माझा संशय आहे. उद्यानातल्या शिलोंड्याच्या वाटेवर अशी हिरवी, जुनी कारवी कुणाला दिसली तर पानांची खालची बाजू तेवढी बघा. तोडू नका, फोटो पुरे.